घोरपडीचा टी-शर्ट

पहिला दगड गाडीच्या काचेवर बसला. दुसरा प्रभाकररावांच्या छातीवर, बरोबर त्या घोरपडीवर. ते "अहो, अहो" म्हणत पळायला वळले, तेवढ्यात मी त्यांना दोन्ही हातांनी धरून गाडीच्या दारावर दाबलं.

"वळू नका," मी म्हणाले.

"विहीणबाई, मारतायत ते! सोडा मला!"

"मारू देत. पाठ दाखवू नका."

यात शौर्य वगैरे काही नव्हतं. त्यांच्या पाठीवर माझ्या मुलाचा हातभर फोटो छापलेला होता, वर्दीतला, निळ्या टोपीतला. आणि तो मुलगा साध्या कपड्यांत रस्त्यापलीकडच्या दुकानात उभा होता. समोरच्या गर्दीला घोरपडीच्या पलटणीतला माणूस हवा होता. प्रभाकरराव वळले असते तर तो कसा दिसतो हे सगळ्या बाजाराला कळलं असतं.

कोथरूड

माझा मुलगा रमेश फौजेत सुभेदार आहे. त्याची पलटण शांतिसेनेत आफ्रिकेतल्या एका देशात गेली आहे. त्या देशाचं नाव मी लिहिणार नाही, पलटणीचंही नाही. तिच्या बिल्ल्यावर कुठला प्राणी आहे तेही सांगणार नाही. आपण घोरपड धरू. घोरपड नाही, एवढं सांगते. कुणाला हा आडमुठेपणा वाटला तर वाटू दे.

रमेशला घरी यायला रजा मिळत नव्हती. शेजारच्या देशात थोडे दिवस मिळत होते, आणि घरचे तिथे जाऊन भेटू शकत होते. माझी सून सुनीता निघाली. तिचे वडील प्रभाकरराव म्हणाले, मीही येतो. मग मीही निघाले. मुलाला बघून वर्ष होत आलं होतं. मी चौथी शिकलेली, इंग्रजी येत नाही, पण विमानात बसायला इंग्रजी लागत नाही, पट्टा लावावा लागतो.

रमेशचा फोन आला. "आई, कुठे जाताय, कधी जाताय, कुणाला सांगू नका. फोटो टाकू नका. पलटणीचं नाव नको, बिल्ला नको."

त्याच संध्याकाळी सोसायटीच्या बागेत बाकावरच्या बायकांनी मला विचारलं, "काकू, तळ्याकाठचंच हॉटेल ना? दुपारचं विमान आहे ना तुमचं?" मला विमान दुपारचं आहे हे तेव्हा कळलं. प्रभाकररावांनी सगळं लिहून टाकलं होतं, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, त्यांच्या सदाशिव पेठेतल्या ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपवर आणि रोज सकाळी हात वर करून हसतात त्या क्लबच्या ग्रुपवर. मी बोलले तर म्हणाले, "विहीणबाई, जावई देशासाठी लढतोय. त्यात लपवायचं काय? चोरी केलीय का?"

आमचे हे खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. तिथे काय बनतं ते मला त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. शेजारीण विचारायची, मी म्हणायची, डबा रिकामा येतो, तेवढं मला पुरतं. आता माणसाला एखादी गोष्ट माहीत असली आणि ती दुसऱ्याला सांगितली नाही, तर पोटात दुखतं.

निघायच्या आदल्या दिवशी प्रभाकरराव एक पिशवी घेऊन आले. पिवळेधमक टी-शर्ट. पुण्याची चार माणसं सिंहगडावर गेली तरी हल्ली एकसारखे शर्ट छापून घेतात, मग ही तर परदेशवारी. छातीवर घोरपड. ती त्यांनी रमेशनं सुनीताला पाठवलेल्या खासगी फोटोतून उचलली होती. आणि पाठीवर रमेशचं तोंड, खाली 'आमचा अभिमान'. चौकाचौकांतले वाढदिवसाचे फ्लेक्स बघून बघून लोकांना असं झालंय की कुणाचं तरी तोंड छापल्याशिवाय काम पुरं होत नाही.

"विहीणबाई, तुमच्यासाठी मोठ्या मापाचा आणलाय."

"मी साडी नेसते. हा वरून घालू की आतून?"

"तुम्हाला कशाचं कौतुकच नाही."

"मुलाचं आहे. म्हणून म्हणते, हे घालू नका."

सुनीतानं वडिलांचं मन राखायला एक घेतला. माझा मी फरशी पुसायला ठेवला, तोंडाची बाजू कापून.

आम्ही परत आल्यावर सोसायटीनं गेटवर फ्लेक्स लावला. त्यावरही रमेश वर्दीत आणि कोपऱ्यात मोठी घोरपड. रमेश अजून तिकडेच आहे. मी विळी घेऊन गेले आणि फ्लेक्स खाली उतरवला. चेअरमन धावत आले. "काकू, अहो भावना आहेत लोकांच्या!" मी म्हटलं, "भावना ठेवा. चित्र द्या इकडे."

तळ्याकाठी

तो शेजारचा देश चांगला आहे. माती लाल, कोकणातल्यापेक्षाही लाल, आणि बाकी सगळं हिरवं. तळं एवढं मोठं की पलीकडचा काठ दिसत नाही. त्याला तळं म्हणायचं धाडस त्या लोकांनी केलंय, आमच्याकडे समुद्र म्हणून तिकीट लावलं असतं. कचऱ्याच्या ढिगांवर माणसाच्या कमरेएवढे पक्षी उभे असतात, डोक्याला टक्कल, गळ्याला लोंबती पिशवी. हलत नाहीत, काम करत नाहीत, सगळ्यांकडे नापसंतीनं बघतात. प्रभाकरराव त्यांचे फोटो काढत होते. मला दोन्हीकडे सारखंच दिसत होतं.

खाण्यात हिरवी केळी. पानात बांधून उकडतात आणि त्याचा लगदा करतात. वर दाण्याची आमटी. ती आपल्या उपासाच्या आमटीसारखीच, फक्त मीठ घालायला विसरल्यासारखी. तळ्यातला मासा अख्खा तळून देतात, डोळ्यांसकट. मी खाल्ला, चांगला होता. प्रभाकररावांनी भाकरवडी आणि मेतकूट-भात आणला होता. भात तिथला, मेतकूट पेठेतलं. रस्त्यावर पोळीत अंड्याची पोळी गुंडाळून विकतात, आणि त्या पोळीला चपाती म्हणतात. प्रभाकररावांना याचा फार त्रास झाला. जन्मभर पोळी म्हणून शेवटी आफ्रिकेत चपाती खावी लागली. पण दोन खाल्ल्या.

हॉटेलातली मुलगी चहा देताना गुडघ्यांवर बसायची. तिकडे मोठ्यांना मान देण्याची ती रीत आहे म्हणे. प्रभाकरराव म्हणाले, "बघा, संस्कार!" मी तिला दंडाला धरून उभं केलं आणि कप हातातून घेतला. आमच्या घराण्यानं वाकणं सोडलं ते माझ्या सासऱ्यांच्या वेळी, बाबासाहेबांबरोबर. दुसरं कुणी वाकलेलं बघायला मी विमानाचं भाडं भरलेलं नव्हतं.

गाडीचा चालक जोसेफ म्हणून होता, पन्नाशीचा, कमी बोलणारा. पण भेटला की आधी तब्येत विचारायचा, मग झोप, मग घरच्यांची तब्येत, आणि मगच कुठे जायचं ते. पुण्यात रिक्षावाला कुठे जायचं तेही पूर्ण ऐकून घेत नाही.

मग रमेशचा निरोप आला की त्याला खाली तळ्यापर्यंत येता येणार नाही, रजा कापली आहे. सरहद्दीजवळ, पण अलीकडच्या बाजूला, डोंगरात एक बाजाराचं गाव आहे, तिथे तो एक दिवस येईल. का कापली ते सांगितलं नाही.

डोंगरात

दिवसभर घाट. चहाचे मळे, केळी, धुकं. प्रभाकररावांनी पिशवीतून स्वेटर आणि कानटोपी काढून चढवली. पुण्याचा माणूस कुठेही जाऊ दे, थंडी त्याला बरोबर शोधून काढते. रात्री वाटेत एका ठिकाणी थांबलो, सकाळी पुन्हा निघालो. सामान टपावर ताडपत्रीखाली बांधलेलं. निघताना बघते तर प्रभाकररावांनी तो पिवळा शर्ट घातला होता. जावयाला अचानक दाखवायचा होता.

जोसेफनं शर्टाकडे बघितलं आणि सुनीताला हळूच काही सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, तो म्हणतोय, पुढच्या गावात हा नका घालू. पलीकडून आलेले पुष्कळ लोक राहतात तिथे."

"ड्रायव्हरनं आता आपले कपडे ठरवायचे का?" प्रभाकरराव म्हणाले.

रमेश बाजाराच्या कडेला उभा होता. चौकटीचा शर्ट, साधी चप्पल. काळा पडला होता, वाळला होता. मी त्याच्या खांद्यावरून हात फिरवला तर म्हणाला, "आई, बिल्ला शोधतेस का? तो चिकटपट्टीवर असतो. तळाच्या बाहेर साध्या कपड्यांत निघालो की काढून ठेवायचा." मी काही शोधत नव्हते. हाडं बघत होते.

मग प्रभाकरराव गाडीतून उतरले आणि हात पसरून त्याच्यासमोर गोल फिरले.

रमेशचं तोंड त्याच्या लहानपणी मी तापात बघितलं होतं तसं झालं. "बाबा, हे काय घातलंय?"

"आवडलं ना? सुनीतानंही घेतलाय."

"काढा."

"अरे, आत काही नाही. सामान टपावर बांधलंय."

"मग स्वेटर घाला. आणि इथून निघेपर्यंत काढू नका."

"का?"

"सांगता येत नाही."

"घरच्या माणसाला?"

"बाबा, नाही म्हणजे नाही."

प्रभाकररावांनी स्वेटर घातला, पण तोंड फुगवून. मुलगा माझा आहे म्हणून मी त्याला सोडणार नाही. सदाशिव पेठेतल्या माणसाला कारण न देता काही सांगणं म्हणजे ते न सांगितल्यासारखंच. फौजेत यांना तोंड बंद ठेवायला शिकवतात. ते कधी उघडायचं, हे कुणीच शिकवलेलं दिसत नाही.

बाजार

बाजार आमच्या मंडईसारखाच, छप्पर वजा करून. केळ्यांचे घड, वाळलेले मासे, परदेशातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग. पलीकडून पळून आलेली माणसं एका अंगाला बसलेली, त्यांचा माल थोडा. रस्त्यापलीकडे एका गुजराती माणसाचं किराणा दुकान होतं. रमेश आणि सुनीता जिरं आणायला म्हणून तिकडे गेले. जिरं कुणालाच नको होतं. नवरा-बायकोला बोलू द्यावं म्हणून मी गाडीशी थांबले.

धुकं गेलं आणि ऊन एकदम चढलं. प्रभाकररावांनी चपाती-अंडं घेतलं, दोन घास खाल्ले आणि स्वेटर डोक्यावरून ओढायला लागले.

"काढू नका सांगितलंय ना त्यानं?"

"कारण सांगितलंय का? जीव चाललाय उकाड्यानं. मी काय लहान मूल आहे?" स्वेटर हातावर टाकून ते गाडीला टेकले.

केळी विकणारी एक बाई त्यांच्या छातीकडे बघत होती. तिनं शेजाऱ्याला कोपरानं ढोसलं. त्यानं खिशातून फोन काढला, फोनकडे बघितलं, छातीकडे बघितलं आणि फोन पुढच्याला दिला. मला लांबूनही दिसलं, फोनवर एका ट्रकचं दार होतं, आणि दारावर हेच चित्र. प्रभाकररावांना वाटलं लोक कौतुकानं बघतायत. त्यांनी हात हलवला.

मग ती बाई ओरडली. माणसं उठली. जोसेफ धावत आला आणि हात वर करून मधे उभा राहिला, त्यांच्या भाषेत काही सांगत होता. कुणीतरी त्याला बाजूला ढकललं आणि पहिला दगड आला.

प्रभाकररावांना दाबून धरलं होतं तेव्हा मी त्यांच्या कानाशी म्हणाले, "तुमच्या पाठीवर रमेश आहे. तुम्ही वळलात तर हे लोक त्याला ओळखतील. तो समोरच्या दुकानात आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कारण मिळालं होतं. त्यानंतर त्यांनी एक शब्द विचारला नाही. पाठ दाराला घट्ट लावली, दोन्ही हात मागे नेऊन दाराची मूठ पकडली आणि मला म्हणाले, "तुम्ही व्हा बाजूला." मी हात काढले.

तेवढ्यात रमेश दुकानाच्या पायरीवर दिसला. तो येणार होता. सासऱ्याला मार पडताना बघून तो थांबणाऱ्यातला नाही. मला त्याच्याकडे बघून ओरडता येईना, लोकांनी मान वळवली असती. म्हणून मी प्रभाकररावांकडे बोट नाचवून मराठीत कडाकडा भांडायला लागले. "जो जिथे उभा आहे तिथेच राहील! बाहेर पाऊल टाकलंस तर मी तुझी आई नाही! सासरा तुझ्यासाठी उभा आहे, त्यांचं मातेरं करू नकोस! आत हो! आत हो, मेल्या!"

लोकांना वाटलं म्हातारी नवऱ्याला झापतेय. काही हसलेही. दुकानाचं शटर अर्ध्यावर आलं. सुनीतानं नंतर सांगितलं की दुकानदार आणि ती, दोघांनी मिळून रमेशला तांदळाच्या पोत्यांवर पाडलं आणि ती त्याच्या छातीवर बसली. दुकानदार म्हणत होता, "बैठे रहो भाई, माँ बोल रही है."

दगड येतच होते. जोसेफ पुन्हा मधे आला आणि एक दगड त्याच्या कानशिलावर बसला. प्रभाकररावांच्या बरगड्यांवर दोन बसले, एक कपाळावर. ते खाली सरकले, पण सरळ, दाराला पाठ घासत, आणि चाकाला टेकून बसले. बसल्यावरही कूस बदलली नाही. मी त्यांचा स्वेटर त्यांच्या छातीवर धरला. उशीरच झाला होता, पण धरला. मग शिट्ट्या वाजवत पोलीस आले, हवेत गोळी झाडली आणि गर्दी पांगली.

दवाखाना

गावात नन चालवत असलेला छोटा दवाखाना होता. नर्सनं शर्ट कापायला कात्री घेतली तेव्हा प्रभाकररावांनी मला खुणावलं. शर्ट मी माझ्या हातानं कापला, तोंड आत घडी घालून पिशवीत टाकला.

रमेश मागच्या दारानं आला तेव्हा दुकानदाराचा कोट त्याच्या अंगावर होता. खोलीबाहेरच्या बाकावर बसून त्यानं सांगितलं. तीन दिवसांपूर्वी सरहद्दीपलीकडे त्यांच्या पलटणीच्या ट्रकखाली केळी वाहणारी एक मुलगी गेली. ट्रक थांबला नाही. त्या रस्त्यावर थांबायचं नाही असा हुकूम आहे. रजा कापली ती त्यामुळेच.

"हे मला आत्ता सांगतोस?"

"सांगायची परवानगी नव्हती, आई."

"आणि आत्ता मिळाली?"

तो कोटाची बटणं लावायला लागला.

"त्या मुलीचं नाव काय?"

त्याला माहीत नव्हतं. जोसेफलाही नव्हतं. जोसेफचा कान नर्स शिवत होती आणि तो तिची तब्येत विचारत होता.

त्या बाजारातल्या लोकांना इकडे पुण्यात सगळे रानटी म्हणतात. सोसायटीत तर फार जोरात म्हणतात. आमच्या चौकात एखादी पोर ट्रकखाली गेली असती आणि ट्रक तसाच निघून गेला असता, तर आमच्या लोकांनी त्याच ट्रकच्या रंगाचा शर्ट घातलेल्या माणसाला काय ओवाळलं असतं? आणि आमच्यातले निम्मे तर फोनवर शूटिंग करत उभे राहिले असते.

डॉक्टर म्हणाले, छातीत रक्त साचतंय, मोठ्या शहरात न्यायला हवं. तिथल्या दवाखान्याची गाडी मागवली. ती घाटातून यायची होती. प्रभाकरराव शुद्धीवर होते. त्यांनी विचारलं, "जावईबापू?" मी म्हटलं, "इथेच आहे, ठीक आहे, कुणी ओळखलं नाही." ते म्हणाले, "ग्रुपवर टाकू नका हे." मी म्हटलं, "मी कशाला टाकेन? माझ्या फोनवर ग्रुप नाही."

सुनीता त्यांचा हात धरून बसली होती.

रमेश वाचला. पलटणीबरोबर तिकडेच आहे. सुनीता वाचली. मी वाचले. जोसेफ वाचला, डाव्या कानानं त्याला ऐकू येत नाही. प्रभाकरराव संध्याकाळी, गाडी पोचायच्या आधी गेले.